फिरऔन कोणाला म्हणावे?



निवडणूक आली की आपल्या वस्त्यांत इतिहास फार स्वस्त होतो. नळाला पाणी न आणणारा नगरसेवक ‘फिरऔन’ ठरतो, विरोधी पक्षाचा कार्यकर्ता ‘यजीद’ आणि कठोर बोलणारा नेता ‘हिटलर’. मतदान संपते, परंतु नमाजमध्ये खांद्याला खांदा लावणारे दोघे एकमेकांना सलाम करीत नाहीत. एका जुम्याला मिंबरवरून मीही एका गृहस्थांना फिरऔनची उपमा दिली. ते पहिल्याच सफमध्ये बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

फिरऔनने बनी इस्राईलची मुले ठार मारविली आणि स्वतःस सर्वोच्च प्रभू म्हणविले. यजीदच्या फौजेने हिजरी ६१ मध्ये करबला येथे इमाम हुसैन (रजि.) यांना तहानलेले शहीद केले. हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. ही नावे नळाच्या तक्रारीस जोडल्याने तक्रार मोठी होत नाही. त्या पीडितांचे दुःख मात्र लहान होते. पुढे खरा जुलूम समोर येतो, तेव्हा आपला शब्द झिजलेला असतो.

आणि फिरऔनशी बोलायचे कसे? हजरत मूसा (अ.) व हजरत हारून (अ.) यांना अल्लाहने त्याच्याकडे पाठविले, ते सौम्यपणे बोलण्याच्या आदेशासह (सूरह ताहा : ४४). खलीफा मामूनविषयी सांगतात की, कठोर उपदेश करणाऱ्यास त्याने याचेच स्मरण दिले : मूसा तुमच्याहून श्रेष्ठ होते आणि फिरऔन माझ्याहून वाईट.

याचा अर्थ मौन नव्हे. जालीम सत्ताधीशासमोर सत्य बोलणे हा हदीसनुसार श्रेष्ठ जिहाद आहे. मात्र सत्याला माप असते. ज्याने जेवढे केले, तेवढेच सांगावे. कोणाच्या वैरापायी न्याय सोडू नये, हीच सूरह माइदाची (आयत ८) शिकवण आहे.

पुढच्या जुम्याला मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली आणि पाण्याचा प्रश्नही विचारला. पहिल्या वेळी त्यांनी मान खाली घातली होती. या वेळी त्यांना उत्तर द्यावे लागले.

अल्लाह आपल्या जिभेस न्यायाचे वजन देवो. आमीन.