खेळाडूचं न खेळणं

७ नोव्हेंबर २०१५. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेनं रात्री ट्विटरवर एक फोटो टाकला. फुटबॉल संघातली तीसेक कृष्णवर्णीय पोरं हातात हात गुंफून उभी होती आणि म्हणत होती, विद्यापीठाचे अध्यक्ष टिम वुल्फ पायउतार होईपर्यंत आम्ही खेळाशी संबंधित कशातच भाग घेणार नाही. वंशद्वेषी प्रकारांकडे अध्यक्ष काणाडोळा करतात म्हणून आवारात आंदोलन आधीपासून चालू होतं, एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. त्यानं काही हललं नव्हतं. फोटोनंतर दोन दिवसांत, ९ तारखेला, वुल्फ यांनी राजीनामा दिला.

समाजमाध्यमांची ताकद म्हणून हा किस्सा सांगितला जातो. मला ते पटत नाही. पुढच्या शनिवारी कॅन्सस सिटीत सामना ठरलेला होता आणि संघ उतरला नसता तर करारानुसार विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. प्रशिक्षक गॅरी पिंकेलही पोरांच्या मागे उभे राहिले. आवाज ट्विटरचा होता, पण वजन त्या रिकाम्या राहू शकणाऱ्या मैदानाचं होतं. हे सर्वांत आधी कळलं ते राजकारण्यांना. महिनाभरात तिथल्या एका आमदारानं विधेयक आणलं, की खेळायला नकार देणाऱ्या खेळाडूची शिष्यवृत्ती काढून घ्यावी. ते त्याला मागे घ्यावं लागलं, पण दुखणं कुठं आहे ते त्यानं बरोबर ओळखलं होतं. २०२० च्या जूनमध्ये मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलपटू कायलिन हिल यानं, राज्याचा ध्वज बदलला नाही तर या राज्यासाठी खेळणार नाही, असं ट्विट केलं. गुलामगिरी टिकवायला लढलेल्यांचं चिन्ह त्या ध्वजावर होतं. इतरांचाही रेटा होताच. महिना संपायच्या आत ध्वज उतरला.

मराठी माणसाला यात नवं वाटावं असं खरं तर काही नाही. पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करणारा पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला मुलगा डावखुरी फिरकी टाकायला लागला, तेव्हा हिंदूंच्या संघाला तो हवा होता, कारण गोऱ्यांना हरवायचं होतं. मैदानावर त्यानं फेकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र तो मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद तरीही नाही. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूला वगळलं आणि धाकट्या भावाला, विठ्ठलला, डावलून कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे दिलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जाहीर निवेदन काढून सांगितलं, की हा प्रकार जातीमुळे आहे. धावपळ झाली, तोडगा निघाला, अंतिम सामन्याला बाळू उपकर्णधार झाला आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार. त्या दिवसांत गांधीजींमुळे अस्पृश्यतेचा विषय ऐरणीवर होता, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण पळवणकरांशिवाय जिंकणं अवघड आहे, हे निवडणाऱ्यांना ठाऊक होतं. निवेदनाला धार आली ती त्यामुळे.

आता आपल्या गावाकडे येतो. छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० मध्ये कॉलेज काढलं, त्याचंच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. त्याच्या आवारानं, म्हणजे नागसेनवनानं, अमेरिकेतल्या काळ्यांशी नातं फार आधी जोडलं. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे, 'अस्मितादर्श' नियतकालिकाचे गंगाधर पानतावणे, निग्रो साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिणारे जनार्दन वाघमारे. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर निघाली, ती नावासकट तिकडून प्रेरणा घेऊन. आपण तिकडची कविता घेतली, कथा घेतली, संघटनेचं नाव घेतलं. पण १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिम्पिकच्या पदकमंचावर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे सॅन होजे स्टेट या कॉलेजचे धावपटू होते, आणि त्यांच्यामागची संघटना उभी करणारे हॅरी एडवर्ड्स तिथंच शिकवत होते, ही गोष्ट आपल्या चर्चेत फारशी शिरली नाही. मैदान आपण घेतलंच नाही.

त्याला आपला दोष कमी आणि मैदानाचा जास्त. पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या परिसरात जा. साई, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र इथंच आहे, पण रस्त्यावर धावणारी बहुतेक पोरंपोरी पदकासाठी धावत नाहीत. पोलिस भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मोबाईलवर वेळ लावलेली, बाटली दुभाजकावर ठेवलेली, बूट कुणाचे तरी मागून आणलेले. जालना, बीड, धाराशिवकडून आलेली ही पोरं खोली करून राहतात. कॉलेजच्या संघात खेळायचं ते 'कलर', म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवड झाल्याचा मान, मिळावा म्हणून, आणि प्रमाणपत्राला पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात किंमत यावी म्हणून. आंतरमहाविद्यालयीन सामन्याला प्रेक्षक कोण, तर राखीव खेळाडू आणि पी. डी. सर, म्हणजे क्रीडा संचालक. असा संघ उतरला नाही तर कुणाचं काय अडतं? प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते, एवढंच.

आणि यातलाच एखादा मुलगा १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर रील काढतो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा जुलै १९७८ मधला विधिमंडळाचा ठराव, त्यानंतर मराठवाड्यात जळालेली घरं, १९९४ मधला नामविस्तार, सगळं त्याला तोंडपाठ असतं. ते रील तो बिनधास्त टाकतो. पण 'निवड चाचणीत माझं नाव का कापलं', हे स्टेटसला ठेवायला कचरतो. कारण ट्रायलला नाव पाठवणारे सर, प्रवेशिकेवर सही करणारे सर आणि प्रमाणपत्र हातात देणारे सर बहुधा एकच असतात. त्यातून पोस्टवरून गुन्हा दाखल झालाच, तर भरतीतली चारित्र्य पडताळणी समोर उभी राहते. बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून २०१५ मध्ये शिर्डीत एका तरुणाला ठार मारलं, हेही त्याला माहीत आहे. त्याच्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणणारे लेख (दिवाळी अंकांतलेसुद्धा) नोकरी पक्की असलेल्यांनी लिहिलेले असतात.

वरच्या पातळीवर काय दिसतं? ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोत महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. पोलिसांत तक्रार झाली, देशभर निषेध झाला, कारण वंदना ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक केलेली खेळाडू होती. ऑक्टोबरात दुबईला पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय क्रिकेट संघानं वर्णद्वेषाविरुद्ध गुडघा टेकला. चांगलंच केलं. पण सातासमुद्रापारच्या अन्यायासाठी टेकलेला गुडघा स्वस्तात पडतो. वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीनं २०२० मध्ये सांगितलं, की आयपीएलमध्ये हैदराबादच्या संघात आपल्याला 'काळू' म्हणायचे. आमच्या मैदानांवर प्रत्येक संघात एक काळ्या असतोच आणि तो हसून ओ देतो.

म्हणून 'खेळाडूंनो, बोला' या आवाहनात मला फारसा अर्थ वाटत नाही. आधी त्यांच्या नसण्यानं कुणाचं तरी अडायला हवं, निदान बोलल्यावर त्यांचं अडू नये. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेवर खेळातला एक विद्यार्थी असतो, पण त्याचं नाव ठरवतात प्राचार्य. तो खेळाडूंनी आपल्यातून निवडावा. प्रमाणपत्र सरांच्या कपाटातून नव्हे, विद्यापीठाकडून थेट मिळावं. आणि चाचणीतले गुण त्याच संध्याकाळी फलकावर लागावेत. पहिल्या गोष्टीसाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, दुसरीसाठी एक परिपत्रक. तिसरीसाठी एक कागद आणि चार टाचण्या लागतात.