रजेचे दिवस कोणाच्या खात्यात?

नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची सर्वांत मोलाची मिळकत म्हणजे एक न तुटलेली नोंद. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची ही मोजणी १८४१ साली कुलाब्यात सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हटल्यावर मोजणीत अडथळा नको म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला गेली, पण नोंद थांबली नाही. १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची तीव्रता शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये मांडली, ती कुलाब्याच्या या जुन्या कागदांच्या आधारे. नवीन पनवेलहून काही मैलांवर खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे अ‍ॅक्ट्रेक आहे. कर्करोगावरचे तिथले कामही दशकांच्या हिशेबानेच चालते. विज्ञानाचा पल्ला इतका लांब असताना, ते करणारा पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचा संशोधक, मात्र एक-दोन वर्षांच्या आदेशावर येतो आणि जातो. पद तात्पुरते आहे, प्रकल्पाबरोबर संपेल, कायम करण्याचा दावा करता येणार नाही, ही वाक्ये देशभरातल्या अशा जाहिरातींत ठरलेलीच.

पैशाची बाजू अलीकडे थोडी सुधारली. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटचे, म्हणजे प्रकल्पावरच्या पोस्टडॉकचे, मानधन तीन श्रेणींत दरमहा ५८, ६१ आणि ६७ हजार रुपये केले, घरभाडे वेगळे. त्यासाठी संशोधकांनी आंदोलने केली, मोर्चे काढले. रजेसाठी असा मोर्चा कुणी काढल्याचे ऐकिवात नाही.

रजेचा नियम वाचायला सोपा आहे. जेआरएफ-एसआरएफ, म्हणजे कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन फेलो, यांना फक्त किरकोळ रजा. रिसर्च असोसिएटला यजमान संस्थेच्या नियमांप्रमाणे. प्रसूती रजा सर्वांना. बोनस आणि प्रवास सवलत कुणालाच नाही. खाच आहे ती ‘संस्थेच्या नियमांप्रमाणे’ या शब्दांत. संस्थेचे नियम कायम कर्मचारी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. पोस्टडॉकला त्यातले काय लागू, हे मग आस्थापना विभागातल्या टेबलावर ठरते. आणि जी रजा कागदावर असते तीही घेतली जातेच असे नाही. कल्चरमधल्या पेशींना दोन-तीन दिवसांनी नवे माध्यम लागते, उंदरांवरचा प्रयोग सुट्टी पाहून थांबत नाही. शिवाय दोन वर्षांच्या मुदतीतला प्रत्येक रजेचा दिवस निबंधाच्या पानांतून वजा होतो.

मुदत आणि रजा यांची गाठ पडली की काय होते, हे दिल्लीच्या जनकपुरीतल्या एका सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयाच्या प्रकरणात दिसले. तिथल्या एका सीनियर रेसिडेंट डॉक्टरने १ जून २०१७ पासून प्रसूती रजा मागितली. तिचा करार ११ जूनला संपत होता. रुग्णालयाने हिशेब केला आणि उत्तर दिले: अकरा दिवस. न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय दोघांनीही हा हिशेब मान्य केला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. प्रसूतीचा लाभ कराराच्या शेवटच्या तारखेपलीकडेही द्यावा लागतो, कारण कायद्यातच तशी सोय आहे, असा निर्वाळा दिला. पोस्टडॉकच्या नेमणुकीची आदेशपत्रे याच साच्यातली असतात. फेलोशिप म्हणजे नोकरी नव्हे, हा युक्तिवाद मात्र तिथे अजून संस्थांच्या हाती आहे.

खरा प्रश्न हक्क आहे की नाही हा नसून पैसे कोणी द्यायचे हा आहे. प्रकल्पाचे अनुदान तीन वर्षांचे, त्यात एका असोसिएटचे मानधन. ती सहा महिने रजेवर गेली तर मानधन त्याच अनुदानातून जाणार, बदली माणसाला पैसा नाही आणि अहवाल मात्र वेळेवर हवा. प्रकल्पप्रमुख वाईट असतो असे नाही. पण पुढच्या मुलाखतीत विवाहित उमेदवार समोर आली की त्याच्या मनात काय येते, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको.

हा पेच मुंबईला नवा नाही. गिरण्यांतल्या बायकांना प्रसूतीचा लाभ देणारे विधेयक १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, कारण लोककल्याण ही प्रथम सरकारची जबाबदारी, हे त्यांनी तेव्हाच मान्य केले होते. पुढच्या वर्षी कायदा झाला. भार मात्र मालकावर राहिला. प्रकल्पप्रमुख तर मालकही नाही. तो अनुदानाचा तात्पुरता राखणदार.

म्हणून रजेचे पैसे प्रकल्पाच्या हिशेबातून काढून अनुदान देणाऱ्या यंत्रणेच्या मध्यवर्ती निधीत ठेवले पाहिजेत, आणि रजेइतकी मुदत आपोआप वाढली पाहिजे. जर्मनीत २००७ च्या कायद्याने पात्रता वाढवण्यासाठीच्या करारांत बालसंगोपन रजेइतकी मुदत संशोधकाच्या संमतीने वाढते. बाहेरच्या अनुदानावरच्या करारांना मात्र ही हमी लागू नाही. खाच तिथेही तिथेच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या संपानंतर पोस्टडॉकना आठ आठवड्यांची पूर्ण पगारी पालकत्व रजा मिळाली. तिथे त्यांची संघटना २००८ पासून आहे. आपल्याकडे पोस्टडॉकची ओळख पटायच्या आत त्याचा कार्यकाळ संपतो.

आपल्याकडे पैसा नाही असेही नाही. कामात खंड पडलेल्या स्त्री संशोधकांना परत आणण्यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभाग २००२-०३ पासून खास योजना चालवत आला आहे. योजना चांगली आहे. पण मुळात खंड पडू न देणे स्वस्त पडले असते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

राहिला निरोपाचा मुद्दा. पद संपते म्हणजे तारीख उलटते. तो दिवस ना राजीनाम्याचा, ना बडतर्फीचा. मुदतवाढीचे पत्र येईल की नाही हे पुष्कळदा शेवटच्या आठवड्यापर्यंत कळत नाही आणि खारघरच्या घरमालकाला तर महिनाभर आधी सांगावे लागते. मग नो-ड्यूजचा, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा, कागद घेऊन ग्रंथालय, भांडार, लेखा अशा फेऱ्या, प्रयोगवह्या परत, ओळखपत्र परत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी देऊ केली, पण विद्यावेतनाला पगार न मानणाऱ्या व्यवस्थेत ती फेलोपर्यंत पोचणे अवघड. तीन गोष्टींना तर कायदाही लागत नाही: मुदतवाढीचा निर्णय दोन महिने आधी लेखी कळवणे, न घेतलेली रजा शेवटच्या मानधनात जमा करणे, आणि नो-ड्यूज झाल्याच्या दिवशीच अनुभवाचा दाखला हातात देणे. संस्थेच्या संचालकाने एक परिपत्रक काढले तरी हे होते.