सर्वांत यशस्वी आणि सर्वांत नावडता

महिला जिम्नॅस्टिक्स वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांना आवडता काळ विचारला तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : 1985 ते 1991 चा सोव्हिएत संघ. उत्तर चुकीचे नाही. येलेना शुशुनोव्हाची ताकद, ओक्साना ओमेल्यांचिकच्या फ्लोअरच्या संगीतातली पाखरांची किलबिल, स्वेतलाना बोगिन्स्कायाची लांबसडक, थोडीशी गूढ हालचाल हे सारे एकाच संघात, एकाच दशकात सापडते. नावडता काळ विचारला की मात्र लोक पडझडीकडे बोट दाखवतात. 1976 पासून 2012 पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकमध्ये सांघिक पदक मिळवणारा रुमानिया 2016 मध्ये संघ म्हणून पात्रही ठरू शकला नाही, ते वर्ष हमखास पुढे येते. म्हणजे देखणा किंवा जिंकणारा काळ आवडता, हरणारा नावडता. मला हा हिशेब पटत नाही. भारताचा महिला संघ ऑलिंपिकपर्यंत कधी पोहोचलाच नाही, 2016 मध्ये रियोला गेलेली दीपा कर्माकर एकटीच होती. त्यामुळे झेंड्याची ओढ बाजूला ठेवून निवड करण्याची मोकळीक आपल्याकडे आपोआपच आहे. ती वापरून मी म्हणेन की माझ्या लेखी सर्वांत नावडता काळ हा या खेळातल्या सर्वांत यशस्वी काळांपैकी एक आहे : 2011 ते 2016 चा अमेरिकी संघ. आणि आवडता काळही त्याच देशाचा आहे, जेमतेम पाच वर्षांनंतरचा : 2021 च्या टोकियो ऑलिंपिकपासून 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंतचा.

आधी त्या यशाचे माप पाहू. 2011, 2014 आणि 2015 या तिन्ही जागतिक स्पर्धांचे आणि 2012 व 2016 च्या ऑलिंपिकचे सांघिक सुवर्ण अमेरिकेने जिंकले. लंडनमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या रशियाशी अंतर 5.066 गुणांचे होते, रियोत ते 8.209 झाले. ज्या खेळात पदके दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवर ठरतात, तिथे आठ गुण म्हणजे प्रतिस्पर्धी शिल्लकच नव्हता. या यशाची रचना राष्ट्रीय संघाच्या समन्वयक मार्ता कॅरोली यांची. टेक्सासमधल्या हंट्सविलजवळच्या त्यांच्या रँचवर राष्ट्रीय संघाची शिबिरे भरत. मुली आपापल्या प्रशिक्षकांसह येत, पालकांना आत प्रवेश नसे. त्या शिबिरांतली कामगिरी आणि समन्वयकाचे मत यांवर संघातली जागा अवलंबून असे. दुखते आहे असे सांगणारी मुलगी आपली जागा धोक्यात घालत होती. संघाचा डॉक्टर लॅरी नासर हा या व्यवस्थेतला, मुलींशी गोड बोलणारा माणूस. 2012 च्या सुवर्णविजेत्या पाचही जणींनी पुढे जाहीरपणे सांगितले की नासरने त्यांचे लैंगिक शोषण केले. 2016 च्या पाचपैकी चौघींनीही सांगितले. जानेवारी 2018 मध्ये मिशिगनच्या न्यायालयात दीडशेहून अधिक जणींनी निवेदने दिली आणि त्याला 40 ते 175 वर्षांची शिक्षा झाली.

यावर एक आक्षेप वाजवी आहे. नासर हा एक गुन्हेगार. त्याने मिशिगन स्टेट विद्यापीठातही तेच केले, आणि 2011 च्या खूप आधीपासून केले. मग दोष संघाच्या काळावर का? कॅरोली दांपत्याने आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले, त्यांच्यावर फौजदारी खटलाही भरला गेला नाही. हे सगळे मान्य. पण जून 2015 मध्ये जिम्नॅस्ट मॅगी निकोल्सची नासरविरुद्धची तक्रार अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघटनेपर्यंत पोहोचली, एफबीआयकडे जायला संघटनेने सुमारे पाच आठवडे घेतले, एफबीआयने नंतर जी दिरंगाई केली ती वेगळीच, आणि रियोचे ऑलिंपिक झाले तेव्हा बाहेरच्या जगाला यातले काहीही माहीत नव्हते. माजी जिम्नॅस्ट रेचल डेनहॉलंडर यांनी नासरविरुद्ध वृत्तपत्रातून तोंड उघडले ते सप्टेंबर 2016 मध्ये, पदके वाटून झाल्यावर. गुन्हेगार कोणत्याही व्यवस्थेत शिरू शकतो. मात्र तो तिथे किती वर्षे टिकतो, हे त्या व्यवस्थेत मुलींच्या शब्दाला किती किंमत आहे यावर ठरते. दुखऱ्या टाचेबद्दल बोलायची जिथे चोरी, तिथे याहून कठीण गोष्ट कोण बोलणार? जी शिस्त पदके देत होती तीच तोंडे बंद ठेवत होती. म्हणून ही दोन खाती वेगळी ठेवता येत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की हा खेळच लहान मुलींचा आहे, लहान मुलींना कडक हातांनीच घडवावे लागते, आजची फूटपट्टी कालच्या काळाला लावू नये. इथे इतिहास माझ्या बाजूने बोलतो. 1956 मध्ये मेलबर्नला चार सुवर्णपदके जिंकणारी हंगेरीची आग्नेश केलेती 35 वर्षांची होती. लारिसा लातिनिनाने 1958 ची जागतिक स्पर्धा गरोदर असताना जिंकली. त्याआधी मुली नव्हत्याच असे नाही. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या इटलीच्या संघात 11 वर्षांची लुइजिना जावोत्ती होती. पण हा खेळ बालपणाचाच, ही समजूत 1970 च्या दशकात पक्की झाली. म्युनिकमध्ये 17 वर्षांची ओल्गा कोर्बुट दूरचित्रवाणीवर चमकली, चार वर्षांनी माँट्रियलमध्ये 14 वर्षांच्या नादिया कोमानेचीने पूर्ण दहा गुण मिळवले, आणि प्रत्येक देशाला तसलेच छोटे, हलके, निर्भय शरीर हवेसे झाले. किमान वय 1981 मध्ये 15 आणि 1997 मध्ये 16 केले गेले, तर वयाचे कागद बदलू लागले. उत्तर कोरियाची किम ग्वांग-सुक सलग तीन वर्षे 15 चीच नोंदवली गेली. 2000 चे चीनचे सांघिक कांस्य दहा वर्षांनी परत घेतले गेले, कारण संघातली एक मुलगी तेव्हा 14 ची होती. रुमानियाच्या डानिएला सिलिवाशने आपले वय वाढवून लावल्याचे नंतर स्वतःच सांगितले. जो नियम चुकवायला सरकारे इतकी धडपडतात, त्या नियमाचा संबंध खेळाच्या स्वभावाशी नसून सत्तेशी असतो.

आणि त्या देखण्या सोव्हिएत परंपरेच्या पोटातच येलेना मुखिना आहे. 1978 ची जगज्जेती. 1979 मध्ये तिचा पाय मोडला. तो पुरता बरा होण्याआधीच तिला सरावाला आणले गेले. फ्लोअरवरची थॉमस सॉल्टो ही उडी आपल्याला झेपत नाही, एक दिवस मान मोडेल, असे ती सांगत होती. तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नाहीत, असे उत्तर मिळाल्याचे तिने पुढे मुलाखतीत सांगितले. 3 जुलै 1980 रोजी, मॉस्को ऑलिंपिकला दोन आठवडे उरले असताना, मिन्स्कमध्ये तिची मान मोडली. ती 20 वर्षांची होती. उरलेली 26 वर्षे तिने अंथरुणावर आणि चाकाच्या खुर्चीत काढली. 1980 च्या दशकाअखेरचे सोव्हिएत फ्लोअर मला आजही सर्वांत सुंदर वाटते, त्यात खोटे काही नाही. पण नृत्यरचना आवडणे वेगळे आणि तो काळ आवडता म्हणणे वेगळे. काळ म्हटला की त्यात मुखिनाही आली.

मग माझे माप कोणते? मुलींना संघात राहून मोठे होता येते का, आणि नाही म्हणता येते का. पहिल्या भागाला आकडा लावता येतो. 2004 च्या अमेरिकी संघातली एकही जण 2008 मध्ये नव्हती, 2008 ची एकही 2012 मध्ये नव्हती. (2004 चा तो संघ तसा अपवादात्मक, भारतीय वडिलांची मोहिनी भारद्वाज त्यात 25 व्या वर्षी खेळली.) 2012 च्या दोघी रियोला आल्या. पॅरिसला गेलेल्या पाचपैकी चौघी टोकियोत खेळलेल्या होत्या, सिमोन बाइल्स 27 ची होती, आणि 1952 नंतरचा हा अमेरिकेचा सर्वांत मोठ्या वयाचा महिला संघ ठरला. याचे श्रेय केवळ माणुसकीला देणे भाबडेपणाचे होईल. जुलै 2021 पासून तिथल्या महाविद्यालयीन खेळाडूंना प्रायोजकांचे पैसे घेऊनही महाविद्यालयाकडून खेळता येऊ लागले. त्याआधी पैसा की महाविद्यालय असा पेच होता. सुनिसा ली, जॉर्डन चाइल्स आणि जेड केरी तिघी महाविद्यालयात खेळल्या आणि पुन्हा राष्ट्रीय संघात आल्या. मोठे होण्याला अर्थशास्त्र लागते.

आकड्याची मर्यादाही सांगायला हवी. 1996 च्या संघातही 1992 च्या तिघी होत्या. त्यांतल्याच केरी स्ट्रगने दुखावलेल्या घोट्यावर दुसरी व्हॉल्ट मारली. अमेरिकेचे सुवर्ण त्या उडीशिवायही येणारच होते, हे नंतर बेरजेतून दिसले. त्या क्षणी कोणालाच ठाऊक नव्हते, आणि स्ट्रगच्या धैर्याला त्यामुळे कमीपणा येत नाही. मात्र तिने उडी नाकारणे ही शक्यता तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती. टोकियोत ती शक्यता अस्तित्वात आली. सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक उपकरणावर तिघी खेळतात आणि तिघींचे गुण धरले जातात. म्हणजे चुकीला जागा नसते. अडीच पिळांची व्हॉल्ट ठरलेली असताना बाइल्सने हवेत दीडच पीळ घेतला, आपण कुठे आहोत हे तिला कळेना, आणि ती थांबली. चाइल्स आणि लीने तिची जागा घेतली, रशियन संघ जिंकला, अमेरिकेला रौप्य मिळाले. तिला पळपुटी म्हणणारे खूप निघाले. त्यांनी मुखिनाबद्दल वाचावे. हवेत दिशा हरवल्यावर माणूस कशावर पडतो ते तिथे लिहिलेले आहे.

आता उरलेला आक्षेप : हे सगळे बाइल्ससारखी अलौकिक खेळाडू हाताशी असल्यामुळे परवडते. पण 2022 मध्ये लिव्हरपूलला बाइल्स नव्हती, लीही नव्हती, तरी अमेरिकेने जागतिक सांघिक सुवर्ण जिंकले. युक्रेनवरील आक्रमणामुळे रशिया बाहेर होता, त्यामुळे ते सुवर्ण स्वस्त पडले असे कोणी म्हटले तर तेवढे मी मान्य करतो. पॅरिसमध्ये इटलीला 1928 नंतरचे पहिले सांघिक पदक आणि ब्राझीलला इतिहासातले पहिले सांघिक पदक मिळाले, आणि त्या ब्राझीलच्या संघात 33 वर्षांची जेड बार्बोसा होती. रुमानियाचा दाखला देणाऱ्यांनीही 2012 चे कांस्य आठवावे : ते मुख्यतः 24 वर्षांच्या कातालिना पोनोर आणि 22 वर्षांच्या सान्द्रा इझबाशा यांच्या खांद्यावर आले होते, नव्या छोट्या मुलींच्या नव्हे.

माझ्या आवडत्या संघात एक विसंगती आहे, ती झाकत नाही. पॅरिसच्या पाचव्या जागेवरची हेझली रिव्हेरा 16 वर्षांची होती. किमान वय 18 असते तर ती गेली नसती, आणि संघाला तेवढी झीज सोसावी लागली असती. चालले असते. फिगर स्केटिंगने 2022 मध्ये ज्येष्ठ गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने 15 वरून 17 करायचे ठरवले. महिला जिम्नॅस्टिक्समध्ये ते 1997 पासून 16 च आहे.