सज्ञान कोण?

सातबाराच्या उताऱ्यावर एखाद्या वारसाच्या नावाबरोबर ‘अ.पा.क.’ अशी अक्षरं दिसतात. अज्ञान पालक कर्ता. म्हणजे वारसाला अजून अठरा वर्षं पूर्ण झालेली नाहीत आणि त्याच्या वतीने आई, काका किंवा आणखी कोणी व्यवहार पाहतं. अठरा पूर्ण झाली की तलाठ्याकडे अर्ज करायचा, ती अक्षरं निघतात आणि वारस ‘सज्ञान’ होतो. इंग्रजी कायद्यात वयात आलेल्याला नुसतं ‘मेजर’ म्हणतात, मोठा. आपण मात्र त्या शब्दात ज्ञान घातलं आहे.

प्रत्यक्षात हे ज्ञान कोणी तपासत नाही. १८७५च्या सज्ञानता कायद्याला वय पुरतं. अठरा वर्षांचा मुलगा पहिल्या पगाराचा महागडा मोबाइल घेतो, हप्त्याने मोटरसायकल उचलतो, नको त्या मित्राला उसने पैसे देतो. घरचे चिडतात, पण त्याला अज्ञान कोणी ठरवत नाही. उलट ‘ठेच लागल्याशिवाय शिकणार नाही’ असंच म्हणतात. ठेच लागण्याचा हा हक्क फक्त एका प्रकारच्या तरुणांना आपण देत नाही. ज्यांना शिकायला जड जातं, ज्यांची समज हळू चालते, त्यांनी सज्ञान होण्याआधी काहीतरी सिद्ध करून दाखवावं अशी आपली अपेक्षा असते. त्यांच्यासाठीच्या व्यवसाय शिक्षणाबद्दल लिहिताना मला हाच प्रश्न मुळाशी दिसतो. ते शिक्षण नेमकं कशासाठी? त्यांनी मोठेपणाला पात्र ठरावं म्हणून, की मोठे ते झालेलेच आहेत आणि आता त्यांना तसं जगता यावं म्हणून?

हा प्रश्न मी डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या संदर्भात मांडतो आहे. तिथे तो जास्त उघडा पडतो.

शहरात अशा मुलांची वाट साधारण ठरलेली असते. आधी विशेष शाळा आणि अठरानंतर, जागा मिळाली तर, कार्यशाळा. तिथे पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या आणि पाकिटं करतात, मेणबत्त्या ओततात, दिवाळीच्या आधी प्रदर्शन भरतं. हे काम मी कमी लेखत नाही. घरात कोंडून पडण्यापेक्षा रोज सकाळी डबा घेऊन कुठेतरी जाणं ही मोठी गोष्ट आहे, आणि महाराष्ट्रात ती अनेक पालकांनी पदरमोड करून उभी केली आहे. पण ही रचना एक गोष्ट गृहीत धरते. ती अशी की या मुलाच्या हाताला काम नाही, आणि ते शिकवलं की त्याचं मोठेपण मार्गी लागेल.

डहाणू-तलासरीच्या पाड्यावर हे गृहीतक टिकत नाही. तिथल्या एका सतरा वर्षांच्या मुलाची कल्पना करू. शाळेत तो आठवीपर्यंत ढकलत गेला. वाचता येत नाही, वजाबाकी जमत नाही, लांबलचक सूचना दिली तर अर्धी विसरतो. पण भाताची लावणी त्याला येते. बैल त्याचं ऐकतात. पावसाळ्यात कुठल्या ओहोळात मासे चढतात ते त्याला ठाऊक आहे. घोलवडच्या वाडीत काठीला जाळी लावून चिकू उतरवायला तो जातो. काम करणारा हात त्याच्याकडे आहेच, आणि तो कुठल्याही कार्यशाळेने दिलेला नाही. शाळेत पाय ठेवेपर्यंत त्याच्यात काही कमी आहे असं पाड्यावर कोणाला फारसं वाटलंही नसेल.

त्याची कमी तरी नेमकी कसली, हेही ठरवणं सोपं नाही. अध्ययन अक्षमतेचं निदान करताना पुरेसं शिक्षण न मिळणं किंवा शाळेची भाषा न येणं ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात. घरात वारली बोलणाऱ्या आणि पुस्तकात प्रमाण मराठी भेटणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती कशी काढणार? दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या आणि पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या मुलाचं अर्धं वर्ष शाळेबाहेरच जातं. त्याचं न वाचता येणं मेंदूतलं की भट्टीवरचं? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता या दोन्हींचा समावेश आपल्या २१ प्रकारांत केला, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण दिलं आणि त्यातला एक टक्का या व अशा इतर अक्षमता मिळून राखला. पण तिथवर जायला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्राला निदान.

तेव्हा या मुलाला अडचण कुठे येते? बाहेरच्या जगाशी गाठ पडते तिथे. ठेकेदाराने भट्टीसाठी दिलेली उचल किती, फिटली किती, राहिली किती, हे त्याला कळत नाही. उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यात कुठल्या कागदावर सही घेतली ते समजत नाही. सौराष्ट्रातल्या बोटींवर या भागातून अनेक तरुण खलाशी म्हणून जातात. समुद्रातली हद्द ओलांडली म्हणून पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात गेलेल्यांत डहाणू-तलासरीचेही लोक आहेत. अशा कामाला निघताना मालक कोण, बोट कोणती, घरी कोणाला कळवायचं, हे सांगता येणं जाळं ओढता येण्याइतकंच महत्त्वाचं आहे. थोडक्यात, त्याला काम येतं. विचारणं, मोजून घेणं आणि ‘नाही’ म्हणणं येत नाही. आपल्या व्यवसाय शिक्षणाचा जवळजवळ सगळा भर मात्र कामावर असतो.

इथे या भूमीचा इतिहास आठवतो. ‘मोजता येत नाही, तेव्हा त्याच्या वतीने आम्ही मोजतो’ हे वाक्य या दोन तालुक्यांना नवं नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवराबायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबायचं, ही लग्नगडीची पद्धत इथे होती. कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत असे. वारली माणूस भोळा, अडाणी, त्याला व्यवहार कळत नाही, हे वेठीचं एक समर्थन होतं. १९४५मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लढा लिहून ठेवला आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या हजारो माणसांनी फुकट काम करणार नाही असं एकत्र ठरवलं. आधी साक्षर व्हा आणि मग हक्क मागा, अशी अट त्यांनी मानली नाही.

बौद्धिक अक्षमता आणि लादलेलं अडाणीपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. शिकवलं तरी वजाबाकी न येणारी माणसं असतात. पण युक्तिवादाचा साचा तोच आहे. समजेची उणीव दाखवायची, तिच्यावरून निर्णयाचा हक्क काढून घ्यायचा आणि वर त्याला काळजी म्हणायचं. ज्या प्रदेशाने हा साचा एकदा मोडला, तिथे तो आपल्याच मुलांच्या बाबतीत परत वापरताना निदान अडखळायला हवं.

याच्या विरुद्ध बाजू कच्ची नाही. शिकायला जड जाणाऱ्या मुलीची आई म्हणेल, ‘निर्णयाचं तुम्ही सांगता, पण तिला कोणीही गोड बोलून कुठेही नेईल.’ ही भीती खरी आहे. अशा मुलींचं शोषण होतं, आणि बऱ्याचदा ओळखीच्याच माणसाकडून होतं. त्यामुळे संरक्षण नको, असं म्हणणारा माणूस बेजबाबदार ठरेल. पण संरक्षण म्हणून आपण तिला काय शिकवतो ते पाहा. शिवण, रांगोळी, आणि मोठ्यांचं ऐकणं. प्रत्येक मोठ्या माणसाचं निमूट ऐकायला शिकलेली मुलगी सर्वांत असुरक्षित असते. आपल्या अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, न आवडल्यास ओरडायचं कसं, सांगायचं कोणाला, हे शिवणाच्या आधी यायला हवं. तिचं रक्षण करणारी गोष्ट आणि तिला मोठं करणारी गोष्ट इथे एकच आहे.

कायद्यातही ही ओढाताण दिसते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून अठरा वर्षांनंतरही पालक नेमता येतो. मागे राहणाऱ्या मुलाची चिंता करणाऱ्या आईबापांना त्याचा आधार वाटतो. पुढे भारताने २००७मध्ये दिव्यांग हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, आणि २०१६च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आली. म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, दोघांनी मिळून ठरवायचं. मला ही दुसरी कल्पना न्यायाची वाटते, आणि पाड्याच्या रीतीलाही ती परकी नाही. तिथे लग्न, शेत, कर्ज यांचे निर्णय एकट्याने कोण घेतं? ज्याला आपण स्वतंत्र माणूस म्हणतो तोही चारचौघांना विचारूनच वागतो. मदतीने घेतलेला निर्णय कमी दर्जाचा मानायचा, तर आपल्यातलं कोणीच सज्ञान उरणार नाही.

मग शिक्षण कसं असावं? नमुना याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं चारणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून कुरणशाळा काढली. गुरं चरत होती आणि मुलं शिकत होती. मुलाला कामापासून तोडून शिकवायचं नाही, काम आहे तिथे शिक्षण न्यायचं, हा त्यातला विचार. १९३७च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमचाही गाभा असाच होता, हातातून डोक्याकडे जाण्याचा. आपल्या कार्यशाळांनी बहुधा त्यातला हात ठेवला आणि डोकं सोडलं.

कोसबाडची रीत आज तरुणांसाठी वापरायची तर शिकवायच्या गोष्टी साध्याच आहेत. चिकूच्या वाडीतली मजुरी त्याच्याच हातात पडावी, आणि किती क्रेट भरले त्याच्या खुणा त्याने दोरीला गाठी मारून ठेवाव्यात. बँकेत पैसे काढायला तो स्वतः जावा, सोबत कोणी असलं तरी चालेल. शंभरातले वीस रुपये त्याने वाटेल तसे उडवावेत आणि त्यावर कोणी बोलू नये. आणि अर्धा अभ्यासक्रम त्याच्यासाठी नसावाच. तो ठेकेदारासाठी, बँकेच्या कारकुनासाठी, ग्रामसेवकासाठी असावा. कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, उत्तराला वेळ द्यायचा, आणि बोलायचं ते सोबतच्या भावाशी नाही, त्याच्याशी. अक्षमता दोघांच्या मध्ये असते, आणि आपण शिकवणी एकालाच लावतो.

एक गोष्ट उरते. काही मुलं कधीच काही कमावणार नाहीत. त्यांना भरवावं लागेल, धुवावं लागेल. ‘कामातून सन्मान’ या आपल्या आवडत्या वाक्यात त्यांना जागा नाही. ईव्हा किटे या अमेरिकी तत्त्वज्ञ स्वतःच्या तीव्र अक्षमता असलेल्या मुलीची आई आहेत. त्यांचं म्हणणं असं की आपण प्रत्येकजण कोणाचं तरी मूल असतो, समानतेचा पाया तिथे शोधावा. मला ते पटतं. काम हा माणसाचा आनंद असावा, हक्क असावा. माणसांत बसण्यासाठी भरायची फी तो नसावा. नाहीतर कमावणाऱ्या दिव्यांगाचं कौतुक करता करता आपण न कमावणाऱ्याला आणखी एक पायरी खाली ढकलतो.

‘आमच्या पश्चात याचं काय?’ हा पालकांचा प्रश्न या सगळ्याने सुटत नाही, हे मला दिसतं आहे. पण त्याचं उत्तर मुलाच्या हातातल्या कौशल्यात अर्धंही नाही. पाड्यावरच्या किती माणसांना त्याचं बोलणं समजतं, किती जण त्याची मजुरी बुडवू देणार नाहीत, किती जणांना तो एक दिवस दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटेल, यात ते जास्त आहे. ती माणसं आईबाप असतानाच तयार करावी लागतात, आणि त्यांना तयार करणं हाही व्यवसाय शिक्षणाचाच भाग मानायला हवा.