मालकी सोडल्यानंतर

म्हैसूरहून हुणसूरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात येलवाल लागते. बदलीवर या बाजूस आलेला मराठी मनुष्य कुर्गला जाताना तेथून जातो, पण सहसा थांबत नाही. २१ व २२ सप्टेंबर १९५७ रोजी याच गावी विनोबांच्या सान्निध्यात ग्रामदान परिषद भरली होती. पंतप्रधान नेहरू होते, जयप्रकाश होते आणि त्याच वर्षी केरळात अधिकारारूढ झालेल्या साम्यवादी सरकारचे मुख्यमंत्री नंबुद्रिपादही होते. एरवी एकमेकांविरुद्ध उभ्या राहणाऱ्या या मंडळींनी ग्रामदानाला पाठिंबा देणारे एकच निवेदन काढले. त्यासाठी कोणाला आपला पक्ष सोडावा लागला नाही.

या परिषदेची आठवण मला एका निराळ्याच कामात झाली. हल्ली फावल्या वेळी मी मराठी विकिपीडियावर लिहितो. २००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कोणीही लिहावे आणि कोणीही दुसऱ्याचे लिहिणे दुरुस्त करावे, अशी रीत आहे. ज्ञानकोशाला केतकर होते, विश्वकोशाला तर्कतीर्थ होते. येथे प्रमुख संपादकच नाही.

आरंभी मी एक परिच्छेद मोठ्या मेहनतीने लिहिला. दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी गृहस्थाने त्यातला अर्धा काढून टाकला. मी तो पुन्हा घातला. त्याने पुन्हा काढला. ज्याच्या टिपणीवर वरिष्ठांखेरीज कोणाची लेखणी चालली नव्हती, त्याला हे कसे सोसावे? रागाने चर्चापान उघडले, तो तेथे त्याने आधीच नम्रपणे विचारून ठेवले होते : याला आधार कोणता? माझ्या स्मरणापलीकडे आधार नव्हता.

मग मिळतेजुळते घेणे म्हणजे सत्यावर पाणी सोडणे आहे काय? मला तसे वाटत नाही. ग्रामदानात शेतकरी जमिनीची मालकी गावाला देतो. कसणे सोडीत नाही. तद्वत वाक्याची मालकी सोडावी, मशागत सोडू नये. खोडणाऱ्याचा हेतू प्रथम चांगलाच धरावा. आपले लिहिणे एकदा खोडले गेले तर तेच पुन्हापुन्हा घालीत बसण्यापेक्षा बोलावे; इंग्रजी विकिपीडियावर तर चोवीस तासांत तीनहून अधिक वेळा दुसऱ्याचा बदल उलटविण्यास मनाई आहे. बोलताना मजकुराविषयी बोलावे, माणसाविषयी नव्हे. नवख्याची चूक हसण्यावारी नेऊ नये. ती सुधारून कारण सांगावे. आपला हुद्दा उंबऱ्याबाहेर ठेवावा. राग आलाच तर दोन दिवस त्या पानाकडे फिरकू नये.

मात्र आधार पक्का असेल तेथे संख्येपुढे वाकू नये. बहुमताने १९५७ चे १९५८ होत नाही. ग्रंथ आणि पृष्ठ दाखवून शांतपणे उभे राहावे. मान्यता कशाला द्यायची आणि कशाला नाही, हे वेगळे ठेवता आले तरच सहकार्याला अर्थ आहे.

बदलीच्या नोकरीने आपल्याला एवढे तरी शिकविले असावे. आपण उघडलेली फाईल दुसऱ्याच्या हाती जाते, तो आपल्या शेऱ्याखाली आपला शेरा लिहितो आणि काम पुढे चालते. खुर्ची सोडताना आपण हे निमूटपणे मान्य करतो. लिहिलेल्या ओळीच्या बाबतीत ते मान्य करणे अधिक कठीण, म्हणूनच अधिक मोलाचे आहे.