सणाला कोण येणार?

दिवाळीत पुण्यातलं पोर जिन्याखाली किल्ला करतं ते चित्र बघून. वेल्ह्यातलं पोर करतं ते मान वर करून. समोर १,४०३ मीटर उंचीचा तोरणा, पलीकडे राजगड. आता तर तालुक्याचंही नाव राजगड झालंय. बुरूज कुठं काढायचा, हे त्याला पुस्तकात शोधावं लागत नाही. पण त्याची स्वतःची दिवाळी त्याला एखाद्या चित्रपुस्तकात सापडेल का?

मुलांसाठीची सणांची पुस्तकं बहुतेक एकाच साच्यातली. सण कधी येतो, का करतात, त्या दिवशी काय खातात. शेजारी आकाशकंदील, फराळाचं ताट, नऊवारीतली आई. त्यात चूक काहीच नसते, पण मूल ते पुस्तक दुसऱ्यांदा उघडत नाही. शिवाय छापील सणाला तारीख एकच. बैलांचा सण मात्र दक्षिण महाराष्ट्रात आषाढातला बेंदूर, विदर्भ-मराठवाड्यात श्रावण अमावस्येचा पोळा, तर पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत तो भाद्रपद अमावस्येला. भोर-वेल्ह्यात दिवाळी येते तीही भात पिकलेलं असताना. पहाटे उटणं लावून अंघोळ झाली, की माणसं विळे घेऊन खाचरात उतरतात. हे चित्र कुठल्या पानावर आहे?

मग सण पुस्तकात आणायचा तरी कसा? याचं उत्तर मला एका चिनी चित्रपुस्तकात मिळालं. यू ली-छ्योंग यांनी लिहिलेलं आणि झू छंग-ल्यांग यांनी रंगवलेलं ‘त्वानयुआन’ २००८ साली आलं. नावाचा अर्थ घरच्या माणसांनी पुन्हा एकत्र येणं. विषय चिनी नववर्ष, पण नववर्ष का साजरं करतात हे त्यात कुणी समजावत बसत नाही. माओमाओ या छोट्या पोरीचा बाप दूर शहरात घरं बांधतो आणि वर्षातून एकदाच, सणाला घरी येतो. दाढी वाढलेल्या त्या माणसाला पोर आधी ओळखतच नाही. न्हाव्याकडे जाऊन तो केस कापून घेतो, तेव्हा आरशात तिला हळूहळू आपला बाप दिसू लागतो. तांदळाच्या पिठाच्या गोळ्यात तो एक नाणं लपवतो. ज्याच्या वाट्याला ते येईल, त्याचं वर्ष सुखाचं. ते येतं माओमाओच्या वाट्याला. चार दिवसांत बाप घराची डागडुजी करतो आणि पुन्हा निघतो. निघताना पोर ते नाणं त्याच्याच हातात ठेवते: पुढच्या वेळी आलास की हेच गोळ्यात घालू.

सणाचे सगळे रीतिरिवाज यात आले. पण ते आले एका पोरीच्या वाट पाहण्यातून. म्हणूनच ते परके वाटत नाहीत. भोरच्या एसटी स्टँडवर सणाच्या आदल्या संध्याकाळी उभं राहावं. पुण्या-मुंबईच्या गाडीतून पिशव्या घेऊन उतरणारी माणसं आणि त्यांच्याकडे धावणारी पोरं, हे पान आपल्याकडे तयारच आहे. कुणी रंगवायचं तेवढं बाकी आहे.

मराठीला हे जमणार नाही असं मुळीच नाही. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’मध्ये रोजचं साधं घर मुलांसाठी उभं केलंच आहे. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक घराघरांत जातं आहे. सणाचा विषय निघाला की मात्र आपल्यातला मास्तर जागा होतो आणि गोष्ट सांगायच्या ऐवजी धडा घेतो. मुलाला वसुबारस ‘का’ हे नंतरही कळेल. आज त्याला हवं असतं ते एवढंच, की आपल्या घरातली गडबड, आपल्या खाचरातलं कापलेलं भात आणि गाडीला झालेला उशीर पुस्तकालाही ठाऊक आहे.

तसं पुस्तक कुणी केलंच, तर त्याचं शेवटचं पान मला दिसतं. भाऊबीज उरकली आहे, पहिल्या गाडीनं बाप गेला आहे. किल्ल्यावर पेरलेले हळीव चांगले बोटभर वाढलेत. मावळे आपापल्या जागी उभे आहेत. दरवाज्यातला एक तेवढा नाही. पोरानं तो बापाच्या पिशवीत घातला आहे, पुढच्या दिवाळीत परत आणण्यासाठी.