वाट्याचा मान्ना

रोज पवित्र शास्त्र वाचावं का, हा प्रश्न ख्रिस्ती घरात सहसा कोणी विचारत नाही. वाचावंच, हे गृहीत असतं. माझी आत्या मात्र विचारते. आमचं कुटुंब मूळचं नगर जिल्ह्यातलं. आजोबा रेल्वेच्या नोकरीमुळे कल्याणला आले. आत्या नर्स होती, निवृत्तीनंतरही कल्याणातच राहते. मी डोंबिवलीहून लोकलनं मुंबईला जातो आणि त्या प्रवासात मोबाइलवर माझा शास्त्रपाठ होतो. एका रविवारी उपासनेनंतर आमचं बोलणं निघालं आणि पुढे बरेच दिवस चाललं. त्यातलं जे मला अजून सोडत नाही, ते इथे मांडतो.

आत्या: तू रोज वाचतोस म्हणजे नेमकं काय करतोस?

मी: दिवसाचं एक वचन घेतो आणि त्यावर मनन करतो. गर्दीत उभं राहूनही ते जमतं. निर्गमाच्या १६व्या अध्यायात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे रानात देवानं दिलेलं अन्न, रोज सकाळी गोळा करायचा होता. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडत. कालच्या वाचनावर आजचा दिवस निघत नाही, हे मी त्यातून शिकलो.

आत्या: आज कोणतं वचन होतं?

मी: यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपलं भलंच आहे, ते.

आत्या: आणि त्याच्या आधीचं, दहावं?

मी: त्यात सत्तर वर्षांचं आहे.

आत्या: सत्तर वर्षं! बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे ते. ज्या मोठ्या माणसांनी ते ऐकलं, त्यांतली बहुतेक तिथेच मरणार होती. आदल्या अध्यायात हनन्या आहे बघ. तो म्हणाला, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया त्याच्या विरोधात उभा राहिला. तुम्ही यिर्मयाचं एक वाक्य कापून घेता आणि हनन्याच्या तोंडी घालता.

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. आठवडाभर आम्ही याच एका मुद्द्याभोवती फिरत होतो.

मी: पण आत्या, वचन फक्त पहिल्या ऐकणाऱ्यांचं असेल तर आपण वाचायचंच कशाला? ते आज, मलाही बोलतं, हा आपला विश्वास आहे.

आत्या: बोलतं ना. पण तेव्हा जे बोललं त्याच्या उलट बोलेल का? तेव्हा त्यानं सांगितलं, घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात नेऊन ठेवलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे लवकर सुटका नाही, इथेच नीट जगा. गाव सोडून डोंबिवलीत आलेल्या माणसाला हे केवढं मोलाचं आहे! ते सोडून तू फक्त गोड घास उचललास.

मी: घास मी निवडत नाही. जर्मनीतले मोरावियन ख्रिस्ती १७३१पासून दर वर्षाची दैनिक वचनं छापतात. ती चिठ्ठ्या टाकून काढतात. वाचणाऱ्याच्या आवडीला तिथे जागाच नसते.

आत्या: चिठ्ठ्या कशातून निघतात? आधीच निवडून ठेवलेल्या वचनांतून. त्यात स्तोत्र ८८ची शेवटची ओळ असेल का रे?

मी: बहुतेक नसेल. ते स्तोत्र अंधारातच संपतं.

आत्या: माझ्या वॉर्डात एक बाई होती. कॅन्सर, शेवटचे दिवस. भेटायला येणारी मंडळी उशाशी वचनांची कार्डं ठेवून जायची. सगळी आशेची. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. एका नाइट ड्यूटीला मी तिच्यापाशी बसून ८८वं स्तोत्र म्हटलं. दुसऱ्या रात्री तिनं तेच पुन्हा म्हणायला लावलं. वचन म्हणजे औषधच असेल तर कोणत्या रोग्याला कोणतं, हे न बघता वाटणाऱ्याला मी नर्स म्हणणार नाही.

मी: मग हा माझ्याच बाजूचा पुरावा झाला. दिवसाच्या वचनाचा आग्रह मी सोडतो. पण ८८वं स्तोत्र कोणाला भेटेल? जो क्रमानं, काही न गाळता वाचतो त्यालाच. एकूण ११८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले तर वर्षात पूर्ण होतात.

आत्या: यहोशवाच्या पुस्तकात नगरंच्या नगरं तलवारीनं मारली जातात, त्या सकाळी तुला कसलं पोषण मिळेल?

मी: त्या सकाळी मिळणार नाही. उलट अस्वस्थ होईन, देवाला प्रश्न विचारीन. पण तिथून तोंड फिरवलं, तर मी माझ्या पसंतीचा देव बनवीन.

आत्या: हे मला पटलं. पण ८८वं स्तोत्र मला वाचून मिळालेलं नाही. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. घरातल्या प्रार्थनेत, मंडळीत ऐकून तिला पाठ झालं, आणि तिच्याकडून मला. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या लेखकानं कल्लियानाच्या ख्रिस्ती बिशपाचा उल्लेख केलाय. कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकात ओडोरिक नावाचा प्रवासी ठाण्याला आला, तेव्हा तिथे नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. त्यांतल्या किती जणांच्या हातात पुस्तक होतं? मराठी नवा करार छापला गेला तो १८११ साली, तोही सेरामपूरला. रोज एकट्यानं वाचल्याशिवाय आत्मा उपाशी राहतो म्हणालास, तर ही सगळी माणसं उपाशीच गेली असं होईल.

मी: असं मी म्हणणार नाही. पण पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली. १९२२मध्ये त्या गेल्या आणि १९२४मध्ये पूर्ण बायबल निघालं. साध्या बाईलाही ते स्वतः वाचता यावं, यासाठीच ना? ऐकणाऱ्याला सांगणाऱ्यावर विसंबावं लागतं. वाचणारी बाई सांगणाऱ्याला तपासू शकते. त्या रविवारी तू मला दहावं वचन विचारलंस, ते तुला वाचता येतं म्हणून.

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिनं विषयच बदलला.

आत्या: मान्नाची गोष्ट तू सुरुवातीला काढलीस. पौल ती कुठे वापरतो?

मी: करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात.

आत्या: कशासाठी? यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना. ज्यानं जास्त गोळा केलं त्याला उरलं नाही, ज्यानं कमी केलं त्याला कमी पडलं नाही. पौल त्यातून समानता काढतो. तू त्यातून तुझी सकाळ काढतोस. इतकी वर्षं गोळा करतोयस, कोणाच्या ताटात पडलं?

मी: पण स्वतःला नीट कळण्याआधी वाटलं, तर मी तुझ्या वॉर्डातल्या कार्ड वाटणाऱ्यांपैकीच एक होईन.

आत्या: होशील. म्हणून पूर्ण अध्याय वाच. पण सगळं कळेपर्यंत थांबूही नकोस. त्या बाईकडे तेवढे दिवस नव्हते.

इथे आम्ही दोघंही अडलो आणि मी अजून अडलेलाच आहे. वचन पूर्ण, संदर्भासह आणि नावडत्या भागांसह वाचायचं तर वर्षं लागतात; ज्याला त्याची गरज आहे तो आजच्या रात्रीपुरता आपल्यासमोर असतो. मी आता क्रमानं वाचतो आणि काही गाळत नाही. रोज वाचायला हवं, हे माझं मत कायम आहे. मात्र सकाळी मन भरून आलं म्हणजे आत्म्याला अन्न मिळालं, असं मी आता समजत नाही. ते अन्न होतं की नाही, हे मी दुसऱ्या कोणाच्या दुःखाशेजारी बसतो तेव्हा ठरतं. तिथे बसण्याइतकं आपल्याला कळलंय, हे माणसानं कधी मानावं, याचं उत्तर मला आत्याकडूनही मिळालेलं नाही.